मागच्या भेटीबद्दल आभार

१

मोलोयच्या धक्क्यावर फेरीबोटींची एक कचेरी आहे. तिथे माणसं चार आणि खुर्च्या पाच. पाचवी खुर्ची पूर्वी कोणाची होती हे आता कोणालाच आठवत नव्हतं. ओले कोट टाकायला बरी पडते म्हणून ती हीटरशेजारी तशीच राहिली होती.

सकाळी आलं की तूरिद बाहेरचे बूट काढून आतले चढवायची, कॉफी लावायची आणि कॉफी गळेस्तोवर ‘ग्लॉट’ला तोंड द्यायची. दार पुरतं न लावता किलकिलं ठेवलं की आमच्याकडे म्हणतात, दार ग्लॉटवर आहे. त्यावरूनच हे नाव उचललेलं. कर्मचाऱ्यांच्या मनाचं दार किलकिलं राहावं, असं बेर्गेनच्या मुख्य कचेरीकडून आलेल्या पत्रात गोड शब्दांत लिहिलं होतं. करायचं एवढंच, की संगणक उघडला की पडदा विचारतो, ‘कसं काय आज?’ खाली पाच गोल चेहरे, कानापर्यंत हसणाऱ्यापासून ओठ लोंबलेल्यापर्यंत. एक दाबायचा. हवं तर दोन ओळी लिहायच्या. नाव कोणाला दिसत नाही. आणि चेहरा दाबल्याशिवाय पुढचं काम उघडत नाही.

आता ‘कसं काय’ला आमच्या किनाऱ्यावर उत्तर एकच आहे. ‘छानच.’ पाय प्लास्टरमध्ये असला तरी छानच, बापाला पोचवून आलेला असला तरी छानच. दुसरं काही सांगणं म्हणजे समोरच्याच्या डोक्यावर आपलं ओझं ठेवणं, आणि तसं शहाणं माणूस करत नाही. त्यामुळे चेहरेही रोज हसरेच यायचे. एकदा फक्त गाऊतेने दाढ दुखत होती म्हणून रडका चेहरा दाबला होता. गाऊते म्हणजे निवृत्तीला टेकलेला जुना खलाशी. ग्लॉटने त्याला श्वास कसा घ्यावा याच्या तीन चित्रफिती लागोपाठ दाखवल्या आणि बेर्गेनहून एका बाईचा फोनही आला.

“साठ वर्षं श्वास घेतोय मी,” गाऊते म्हणाला होता, “तरी माझं चुकत होतं म्हणे. आता मेलो तरी हसराच दाबीन.”

ग्लॉट आल्यापासून एक गोष्ट मात्र गेली. कॉफीच्या भांड्यापाशी एकमेकांना ‘कसं काय’ विचारणं बंद झालं. सकाळी एकदा उत्तर देऊन झालेलं असायचं, मग पुन्हा कशाला.

तूरिद या चौघांची प्रमुख, म्हणून सगळ्यांचे चेहरे तिच्या पडद्यावर एका ओळीत येत. चार हसरे चेहरे. त्यातला एक तिचा. खरं तर तिला छानच असं काही नव्हतं. दीड वर्षापूर्वी तिच्या नवऱ्याला, माग्नेला, झटका आला. तेव्हापासून तो टेकडीवरच्या शुश्रूषागृहात होता. रोज चारला काम संपलं की ती त्याच्याकडे जायची. तो दोन-चार शब्दांपलीकडे बोलत नसे. पण तिचा उजवा हात हातात घेऊन तिच्या बोटातली अंगठी गोल गोल फिरवत बसायचा. त्यांचा संसार तेवढा उरला होता आणि तेवढा तिने काही केल्या हातचा जाऊ दिला नव्हता. बाकी सगळं निसटत चाललं होतं. झोप निसटली होती, मैत्रिणी निसटल्या होत्या. तरी ती रोज सकाळी पहिला चेहरा दाबायची. प्रमुखानेच तोंड पाडलं तर कसं व्हायचं?

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी ओळीत पाच चेहरे आले.

चार हसरे. पाचवा ओठ लोंबलेला. त्याच्याखाली एक ओळ होती, ‘दमायला झालंय.’

२

तूरिदने बेर्गेनला फोन लावला. ग्लॉटच्या मदतीसाठी बसवलेला पोरगा फार उत्साही होता.

“तुमच्याकडे चार जण आहेत, आणि मला चारच उत्तरं दिसतायत.”

“मला पाच दिसतायत.”

“पान पुन्हा उघडून बघ.”

तिने बघितलं. पाचच.

“मग कोणीतरी दोनदा दाबत असणार,” पोरगा म्हणाला.

“दोनदा दाबता येतं?”

“नाही. पण दाबत असणार.”

फोन ठेवल्यावर तूरिदने स्वतःची समजूत घातली. दोनदा दाबता येत नसलं तरी कोणाला तरी जमलं असेल. एकदा लोकांसाठी हसरा आणि एकदा खरा. हे तिला इतकं पटलं की यंत्राचं कोडं ती विसरूनच गेली. आपल्या तिघांपैकी कोणीतरी आतून मोडत चाललंय, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं. हिवाळ्याची सुरुवात, दुपारी तीनला अंधार, खाली धक्का आणि काळं पाणी. आमच्याकडे अशा दिवसांत माणसं काय करून बसतात ते तिला माहीत होतं. ती घाबरली.

जेवणाच्या सुट्टीत चौघं गोल टेबलाशी जमली. पावाचे काप, मध्ये पातळ कागद, वर ब्राऊन चीज. तूरिद एकेकाकडे चोरून बघत होती.

ओद्नीला दोन लहान पोरं. ती उभ्या उभ्याच खायची. “माझ्या तोंडाला काही लागलंय का?” तिने विचारलं.

“नाही गं. म्हटलं, कसं काय तुझं?”

तिघंही चावायची थांबली.

“छानच,” ओद्नी म्हणाली. “का?”

“सहज.”

“सकाळी दाबलं की मी,” गाऊते म्हणाला. “कप्तान, आता तोंडी परीक्षा पण आहे का?”

एइविनने उरलेला पाव संपवला. तो तसाही बोलत नसे. बायको मुलीला घेऊन त्रोनहाइमला गेल्यापासून तर तो हो-नाहीवरच भागवत होता. त्याने कागदाची नीट चौकोनी घडी केली आणि म्हणाला, “छानच.”

तोच असणार, असं तूरिदला वाटलं. दुसऱ्या दिवशी एइविन मुलीला भेटायला त्रोनहाइमला गेला, रजेवर. त्या दिवशी ओळीत चारच चेहरे होते. तीन हसरे, आणि शेवटी तोच, ओठ लोंबलेला.

‘हीटरजवळ असूनही गार आहे,’ असं खाली होतं.

तूरिदने मान वळवली नाही. पण ती पाचवी खुर्ची पाठीमागे कुठे आहे हे तिला अचानक फार नेमकं जाणवायला लागलं. मग ती स्वतःवरच चिडली. ओद्नी हीटरपाशी मोजे वाळत घालते, तिनेच लिहिलं असेल. असेलच. ती उठली, खुर्चीवरचे कोट उचलून खुंटीवर नेऊन टांगले आणि परत येऊन कामाला लागली.

दुपारी पडद्यावर आणखी एक ओळ आली. आजवर दिवसातून दुसऱ्यांदा कधीच काही आलं नव्हतं.

‘आता बरं बसता येतं.’

३

शुक्रवारी वॉफल. ही पाळी या वेळी गाऊतेची होती. बोटीवर शिकलेला हात, त्यामुळे साच्यावर पीठ टाकतानाच चर्र आवाज व्हायचा आणि वेलचीचा वास जिन्यापर्यंत जायचा. सगळी टेबलाभोवती जमली, जॅम आणि आंबट साय फिरली. तूरिदचं मात्र खाण्यात लक्ष नव्हतं. सकाळच्या ओळीत लिहून आलं होतं, ‘आज वॉफल. मला कोणी बोलावत नाही.’

कोण लिहितंय, कसं लिहितंय, हे सगळं बाजूला राहिलं. हाकेच्या अंतरावर कोणीतरी उपाशी बसलंय आणि आपण सायीवर साय घेतोय, हे तिच्याने बघवेना. सगळी उठल्यावर तिने एक वॉफल बशीत काढलं, वर जॅम घातला आणि हीटरशेजारच्या टेबलावर नेऊन ठेवलं. कोणी विचारलं तर सांगू, उशिरा खाणार आहे मी.

कोणी विचारलं नाही.

चारला निघताना बशी तशीच होती. वॉफल गार, कडेने वाकडं झालेलं. तूरिदला हायसंही वाटलं आणि वाईटही वाटलं. तिने ते कचऱ्यात टाकलं, बशी धुतली. टाकताना तिला दिसलं की जॅमवर साय आहे. तिने साय घातली नव्हती. की घातली होती? माग्नेचं सगळं करता करता हल्ली तिला गॅस बंद केला की नाही तेही आठवत नसे.

सोमवारी पाचवा चेहरा दोन घरं वर चढला होता. ओठ लोंबलेला नव्हता, नुसताच सरळ. खाली लिहिलं होतं, ‘जेवणाबद्दल आभार.’

आमच्याकडे टेबलावरून उठताना लेकरूसुद्धा हे म्हणतं. नाही म्हटलं तर आई परत बसवते. तूरिद त्या ओळीकडे बघत राहिली आणि तिला हसू आलं. कोण आहेस बाबा तू, पण वळण चांगलं लावलंय कोणीतरी.

त्याच दिवशी ग्लॉटने तिच्या दिनदर्शिकेत आपणहून एक नोंद टाकली. ‘तुमच्या गटातल्या एका व्यक्तीला बोलण्याची गरज आहे. गुरुवारी दुपारी दोन वाजता, शांत खोली.’ व्यक्तीच्या नावाची जागा रिकामी होती. खाली दोन बटणं, ‘येते’ आणि ‘नंतर बघू’.

नंतर बघू कसं दाबणार? तिने ‘येते’ दाबलं.

४

शांत खोली म्हणजे पूर्वीची नकाशांची कोठडी. दोन खुर्च्या, एक छोटं टेबल, खरखरीत काचेचं दार. तूरिदने दोन कप कॉफी नेली, दार किलकिलं ठेवलं आणि बसली.

बाहेर वारा फिरला आणि पूल गायला लागला. मोलोयचा पूल ठराविक वाऱ्यात सूर धरतो, लांबच लांब, एकच. गावातल्या माणसाला तो ऐकूही येत नाही. त्या दिवशी तूरिदला आला.

ती कान लावून बसली होती. गाऊतेची जड चप्पल येते का, ओद्नीची धावपळ येते का, एइविन येतो का. एइविनच यावा, असं तिला फार वाटत होतं. काय बोलायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. जिन्यात कोणी नव्हतं, कचेरीत टकटक चालू होती. मग काचेबाहेर जरा अंधारल्यासारखं झालं, कोणी दाराशी येऊन उभं राहावं तसं.

“ये की आत,” तूरिद म्हणाली.

कोणी आलं नाही. आमची माणसं अशीच. दारापर्यंत येतील आणि तिथून परत फिरतील. तिने बोलावण्याचा आग्रह केला नाही. तिला वाटलं, आपण काही बोललो तर त्यालाही धीर येईल, म्हणून तिने आपलंच सुरू केलं. आधी हवापाण्याचं. मग माग्नेचं. आणि एकदा माग्नेचं सुरू झाल्यावर तिला आवरता येईना. दीड वर्षात एकाही माणसाला जे सांगितलं नव्हतं ते ती त्या रिकाम्या खुर्चीला सांगत गेली. रात्री झोप नाही. सकाळी तो हसरा चेहरा दाबताना बोट जड होतं. माग्ने पूर्वीसारखा होणार नाही हे डॉक्टरने सांगितलंय, तिने मात्र दिराला सांगितलेलं नाही. पुढच्या शुक्रवारी हॉटेलात कंपनीची नाताळची मेजवानी, तिथे प्रमुख म्हणून जायचं, डुकराच्या बरगड्या खायच्या, सगळ्यांशी हसायचं, आणि तिच्यात तेवढं हसू शिल्लक नाही.

“माझ्याऐवजी कोणी जाईल तर बरं होईल,” ती म्हणाली आणि रडली. खूप रडली.

रडून झाल्यावर हलकं वाटलं. काचेबाहेरचा अंधार गेला होता. तिने नाक पुसलं, दोन्ही कप उचलले आणि निघाली. दारातून बाहेर पडल्यावर, मागून येणाऱ्यासाठी धरतात तसं तिने दार क्षणभर धरून ठेवलं.

चार पावलं गेल्यावर तिच्या ते लक्षात आलं. तिने मागे बघितलं नाही. सवय असते हाताला, असं ती मनाशी म्हणाली. हातातल्या कपांपैकी तिचा रिकामा होता. दुसराही रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी पाचवा चेहरा हसत होता. थोडंच, पण हसत होता. ‘बोललीस ते बरं झालं,’ एवढंच खाली लिहिलेलं. वाचून तूरिदला भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला. कोणाचा तरी जीव वाचला, असं वाटलं.

५

मेजवानीच्या शुक्रवारी तूरिद दुपारी चारला निघाली ती सरळ माग्नेकडे. हॉटेलात जायचं नाही हे ठरलेलंच होतं. सोमवारी सांगू, डोकं दुखत होतं. हिरवा पोशाख कपाटात टांगलेला होता तसाच राहिला. माग्नेने अंगठी फिरवली, तिने त्याला लापशी भरवली, आणि त्याच्या उशाशी खुर्चीतच तिला झोप लागली. सिस्सेल नावाची परिचारिका येऊन तिच्या अंगावर पांघरूण घालून गेली. इतकी गाढ झोप तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

सोमवारी ती कचेरीत आली तेव्हा गाऊते कॉफीपाशी होता.

“मागच्या भेटीबद्दल आभार, कप्तान.”

“तुझेही,” तूरिद म्हणाली.

हे असं तोंडातून जातं. आमच्याकडे कोणाबरोबर चार घास खाल्ले, एक संध्याकाळ काढली, की पुढच्या भेटीत पहिलं वाक्य हेच. ‘मागच्या भेटीबद्दल आभार.’ आणि त्याला उत्तर ‘तुझेही’. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. शिंकेला उत्तर द्यावं तसं ते होतं.

ओद्नी कोट काढता काढता म्हणाली, “मागच्या भेटीबद्दल आभार, तूरिद.”

“तुझेही.”

मग एइविन. एइविन कधी आपणहून बोलत नसे. तो तिच्या टेबलापाशी आला, उभा राहिला आणि म्हणाला, “मागच्या भेटीबद्दल आभार.” त्याचे डोळे ओले होते.

“तुझेही,” तूरिद म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला कळलं, मेजवानीला तर आपण गेलोच नव्हतो.

“मागची भेट कुठली?” तिने विचारलं.

“घ्या,” गाऊते हसला. “एवढी आक्वाविट तू कधी प्यायलीस? मी तर म्हटलं, कप्तानने सगळ्यांना टेबलाखाली घातलं आणि स्वतः उभी.”

“आणि गाणं,” ओद्नी म्हणाली. “गाणं कुठलं ते आम्हाला कोणाला आठवेना. एकच सूर होता ना तो? पण काय गळा आहे गं तुझा. कुठे लपवला होतास?”

“मी नव्हते,” तूरिद म्हणाली. “मी माग्नेकडे होते.”

“हं, आणि ही कोण?” ओद्नीने फोन पुढे केला.

फोटोत लांब टेबल, मेणबत्त्या, बरगड्यांची ताटं. गाऊते डाव्या हाताने ग्लास उंचावतोय. शेजारी एइविन. टेबलाच्या टोकाशी हिरव्या पोशाखात एक बाई, तिच्या चेहऱ्यासमोर नेमका गाऊतेचा ग्लास आलेला. केस तूरिदचे. खांदे तूरिदचे. मान एका बाजूला टाकायची तऱ्हा तूरिदची, पण हल्लीची नव्हे, माग्ने धडधाकट होता तेव्हाची. टेबलावर तिचा डावा हात पसरलेला, आणि डाव्या हाताच्या बोटात अंगठी.

लग्नाची अंगठी आमच्याकडे उजव्या हातात असते. फोटो उलटा आलाय, तूरिदने स्वतःला सांगितलं. फोन कधीकधी डावं-उजवं उलटं करतो. तिने गाऊतेच्या मनगटाकडे बघितलं. त्याचं घड्याळ फोटोत डाव्या हातावर होतं. आत्ताही, कॉफी ओतताना, डाव्याच हातावर होतं.

“मी खरंच नव्हते,” ती पुन्हा म्हणाली.

“अगं, आत्ताच तर म्हणालीस, तुझेही. तिघांनाही म्हणालीस,” ओद्नी म्हणाली. ती चेष्टाच करत होती, पण खरं होतं ते. आभार घेतले म्हणजे भेट झाली.

ओद्नी आणि गाऊते आपापल्या कामाला लागल्यावर एइविन हळूच म्हणाला, “ते तू कोणाला सांगणार नाहीस ना?”

“काय?”

“मी बोललो ते. धक्क्यावर जायचा विचार येतो म्हणून.” तो खाली बघत होता. “तू विचारलंस, कसं काय, आणि मी छानच म्हटलं, तर तू म्हणालीस, ते नको, खरं सांग. असं मला कोणी विचारलंच नव्हतं. त्या रात्री मी झोपलो, तूरिद. सकाळपर्यंत झोपलो. आज डॉक्टरची वेळ घेतलीय.”

आतून मोडत चाललेला एइविनच होता, तूरिदचा पहिल्या दिवशीचा अंदाज खरा होता, आणि तिला जे विचारायला जमलं नाही ते दुसऱ्याच कोणी विचारलं होतं. आता ‘ती मी नव्हते’ म्हणावं, तर या माणसाच्या हातून काय जाईल? तो कोणाला सांगून बसलाय मग?

“नाही सांगणार,” ती म्हणाली. “माझ्यापाशीच राहील.”

ती आपल्या जागेवर गेली. पडदा उघडा होता. तिने अजून कुठलाही चेहरा दाबला नव्हता, आणि ओळीत चार चेहरे येऊन बसले होते, चारही कानापर्यंत हसणारे. चौथ्याखाली लिहिलं होतं, ‘मागच्या भेटीबद्दल आभार.’

‘कसं काय आज?’ पडद्याने विचारलं.

तिचं बोट पहिल्या चेहऱ्यावर गेलं आणि तिथून परत आलं. आज तिच्याने होईना. आयुष्यात पहिल्यांदा तिने शेवटचा चेहरा दाबला आणि खाली लिहिलं, ‘दमायला झालंय.’

ओळ पुरी झाली. चार हसरे आणि पाचवा ओठ लोंबलेला. त्या पहिल्या सोमवारी होती तशीच.

दिवसभर कामाचे निरोप तिच्यापर्यंत आलेच नाहीत. बेर्गेनचा फोन वाजला, आतल्या शांत खोलीत कोणीतरी उचलला आणि हसत हसत बोललं. ओद्नीने रजेचा कागद तिच्या टेबलावरून उचलून नेला, तो सही होऊन परत आला. जेवणाला सगळी उठली तेव्हा गाऊते आतल्या खोलीच्या किलकिल्या दाराकडे बघून म्हणाला, “येतेस ना, कप्तान?” तूरिद त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. तिला थंडी वाजायला लागली म्हणून ती हीटरजवळ गेली आणि तिथल्या खुर्चीत टेकली. हीटरजवळ असूनही गार होतं.

चार वाजायला आले तशी ती उठली. कोट अंगावर घातला आणि कोणाचाही निरोप न घेता बाहेर पडली. ऑफिस राहू दे ज्या कोणाचं असेल त्याचं, ती मनात म्हणत होती. तिथे हसायला ती माझ्यापेक्षा बरी आहे. एइविनलाही तीच बरी. चारनंतरचं मात्र माझं.

६

शुश्रूषागृहात कॉफीचा वास होता. सिस्सेल लांबूनच ओळखून हसली, म्हणजे निदान इथे तरी आपण दिसतो, असं तूरिदला वाटलं आणि तिच्या पायांत बळ आलं.

माग्ने खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. ती स्टूल ओढून समोर बसली आणि उजवा हात पुढे केला. त्याने तो नेहमीसारखा दोन्ही हातांत घेतला, अंगठी चाचपली आणि फिरवायला लागला. एकदा, पुन्हा एकदा. तूरिदला रडू आवरेना. मी आहे, तिला वाटलं. या बोटात मी आहे.

“माग्ने,” ती म्हणाली, “शुक्रवारी संध्याकाळी मी कुठे होते? इथेच होते ना? तुझ्यापाशी झोपले होते ना?”

माग्नेने तिच्याकडे बघितलं. दीड वर्षात तो ‘हो’, ‘नको’, ‘कॉफी’ यापुढे गेला नव्हता. त्याच्या ओठांची ओढाताण सुरू झाली. एक शब्द बाहेर यायला त्याला केवढा डोंगर चढावा लागत होता ते तिला दिसत होतं.

“मागच्या,” तो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. मग, “भेटीबद्दल.”

“सावकाश,” ती म्हणाली.

“आभार,” माग्ने म्हणाला.

शुक्रवारचा साक्षीदार सापडला होता. या एका माणसाबरोबर ती खरोखर होती, आणि त्याने ते सांगितलं होतं. उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं. या वेळी सवयीने नव्हे, अगदी मनापासून.

“तुझेही,” दारातून कोणीतरी म्हणालं.

आवाज तूरिदचा होता. चांगली झोप झालेल्या, आनंदी बाईचा. येताना दार तूरिदने लावून घेतलं होतं. आता त्यातून बाहेरच्या उजेडाची पट्टी फरशीवर पडली होती आणि हळूहळू रुंद होत होती. वाऱ्याशिवाय पुलाचा तो लांब सूर खोलीत ऐकू यायला लागला. कोणीतरी तोंड मिटून गुणगुणत होतं.

तूरिद वळली नाही. ती माग्नेच्या डोळ्यांत बघत होती. माग्नेचे डोळे तिच्या खांद्यावरून दाराकडे गेले आणि तिथे थांबले. फार वेळ थांबले. जुन्या दिवसांतली कोणी दिसावी तसं त्याच्या तोंडावर हसू आलं, आणि मग ते कुठेतरी अडकलं. तो दारातल्या बाईच्या हातांकडे बघत होता.

त्याने नजर परत आणली, तूरिदच्या बोटावर. अंगठी फिरवणं थांबलं होतं. त्याची बोटं तिच्यावर मिटली, दुखेल इतकी घट्ट.

“धरून ठेव,” तूरिद म्हणाली.

मागे स्टूल ओढल्याचा आवाज झाला, आणि तिच्या शेजारून एक हात माग्नेच्या दिशेने पुढे आला. डावा.